तिच्या कंबरेचं हाड

लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि त्यातली एकवीस वर्षं मी माझ्या बायकोचा कवळी काढलेला चेहरा पाहिलेला नव्हता. सकाळी मी उठायच्या आत ती मोरीत जाऊन चूळ भरायची आणि कवळी बसवूनच बाहेर यायची. झोपताना दिवा मालवला की पदर तोंडावर ओढून घ्यायची, मग उशाजवळच्या स्टीलच्या डबीत काहीतरी हलकंसं वाजायचं. मी कधी विचारलं नाही. एका घरात राहून माणसं अशा किती गोष्टी न विचारता ठेवतात.

आम्ही वरवट बकालचे. बसस्टँडच्या मागे माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात. मी आतली जळकी तार उपसून नवी तांब्याची तार भरून देतो. ती शेजारच्या गावात अंगणवाडी सेविका. पोरांना गोळा करणं, गाणी म्हणून घेणं, गोष्टी सांगणं, वजनं करणं, गरोदर बायांच्या घरी जाऊन त्यांना चार शब्द समजावणं, असं तिचं काम. म्हणजे दिवसभर तोंडाचंच काम.

मुलगी झाली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. तेव्हापासून तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं. आधी मिठाच्या गुळण्या, मग तुरटी, मग कोणी सांगितलेली कसली कसली मंजनं. दात एकेक करून हलायला लागले. खामगावच्या दातांच्या डॉक्टरांनी पायरिया म्हणून सांगितलं तोवर उशीर झालेला होता. चार-पाच वेळा खामगावला जाऊन एकतिसाव्या वर्षी तिनं सगळे दात काढून घेतले. शेवटच्या खेपेला एसटीत तोंडात कापूस धरून ती खिडकीशी बसली होती. मी विचारलं, "लई दुखून राह्यलं का?" तिनं मान हलवली आणि बोटांनी हवेत काहीतरी फेकून दिल्यासारखं केलं. गेली एकदाची कटकट, असं तिला म्हणायचं होतं.

पहिली कवळी चांगली बसली. तिनं त्या कवळीनं भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या, कडक भाकर खाल्ली. पाच-सहा वर्षांनी खालची सैल झाली. दुसरी केली, तीही काही वर्षांनी सैल झाली. आम्हाला वाटायचं कवळी झिजते. दात गेले की जबड्याचं हाडच हळूहळू विरघळत जातं, आणि कवळीच्या दाबाखाली आणखी झिजतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आम्ही काय करणार होतो, तेही मला ठाऊक नाही.

तिसरी कवळी कधी बसलीच नाही. ती खाली चिकटवायची पावडर टाकायची, कधी कापूस घालायची. बोलताना जिभेनं कवळी दाबून धरायची. जेवायला मात्र आमच्यासोबत बसणं तिनं सोडून दिलं. "तुमी घ्या जेवून, मले काम हाये," म्हणायची आणि नंतर स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून वरणात कालवलेला भात गिळायची. आणि मधूनच खालच्या ओठात तिला अशी कळ जायची की हातातला घास तसाच राहायचा.

"करंट लागल्यावानी होते," ती म्हणायची. करंट म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. म्हणून ते ऐकलं की माझ्याच अंगावर काटा यायचा.

एक दिवस दुपारी ती दुकानात आली. तोंडाला पदर, हातात रुमालाची पुरचुंडी. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, हे तिनं बाहेरूनच पाहून घेतलेलं असणार.

"हे अठी बोचते," रुमाल उघडून तिनं कवळीच्या काठावर बोट ठेवलं. कवळी बसल्यापासून दातांशिवायचं तिचं बोलणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पदराआडून आल्यामुळे ते आणखीच दुसऱ्या कोणाचं वाटलं. "तुमी घासून द्या थोडसं. तुमचा हात बारीक हाये."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तीस वर्षांत तिनं माझ्या हातावर भरवसा ठेवून मागितलेली ती पहिलीच गोष्ट असेल. मी बारीक पॉलिश पेपर घेतला, काठ हलकासा घासला, फडक्यानं पुसून दिला. ती दुकानातल्या मागच्या पडद्याआड जाऊन कवळी बसवून आली. "आनखी थोडं." पुन्हा घासला. तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, "हं, आता बरं हाये," आणि गेली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, संध्याकाळपर्यंत मी खुशीत होतो.

आठ दिवसांत तिच्या हिरडीला फोड आला आणि कवळी आधीपेक्षा जास्त डुलायला लागली. आम्ही खामगावला गेलो. डॉक्टरांनी कवळी उजेडात धरली, काठावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे कोणी घासलं? पकड याच काठाची होती."

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "म्याच घासली."

डॉक्टर तिला रागावले. अशिक्षित बाईसारखं काय वागता, म्हणाले. ती खाली बघत ऐकून घेत होती आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसून होतो. मी केलं, एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. येताना गाडीतही नाही. पुढे बऱ्याच वेळा बोलावंसं वाटलं, पण तिनं तो विषय असा बाजूला ठेवून दिला होता की मला तो उचलताच आला नाही.

त्यानंतर अंगणवाडीतली गोष्ट घडली. ती तिनं मला सांगितली नाही. तिच्या मदतनीस बाई बाजारात भेटल्या, त्यांनी सांगितली. पोरांकडून गाणं म्हणून घेताना हिनं आवाज चढवला आणि खालची कवळी तोंडातून निसटून पोरांच्या मध्ये सतरंजीवर पडली. पोरं आधी घाबरली, मग हसली. एका चार वर्षांच्या पोरीनं ती उचलली, आपल्या फ्रॉकला पुसली आणि हिच्यापुढे धरली. "बाई, तुमचं पल्लं."

"बाईनं घेतली आन् पुस्तक काहाडाले म्हणून कपाटामांगं गेल्या," मदतनीस म्हणाल्या. "लई वेळ आल्याच नाई भाऊ. म्याच मंग पोट्ट्याईले खाऊ वाटला."

त्या दिवसापासून गाणी मदतनीस म्हणून घ्यायला लागल्या.

मी घरी आलो. ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, "आपन अकोल्याले जाऊ. जबड्याचे डॉक्टर हायेत म्हंते तिथं." ती लगेच माझ्याकडे बघायला लागली. कोणी सांगितलं असेल ते तिला कळलं. पण नाही म्हणाली नाही.

अकोल्याचे डॉक्टर तरुण होते, चाळिशीच्या आतले. त्यांनी तिला एका यंत्रापुढे उभं करून सगळ्या जबड्याचा एक्सरे काढला आणि भिंतीवरच्या पडद्यावर दाखवला. वरचा जबडा, नाकाची पोकळी, आणि खाली एक पातळ रेघ. मला वाटलं जबडा अजून खाली असेल.

"हाच जबडा," डॉक्टर म्हणाले. "मावशी, तुमच्या वयाच्या माणसाचा खालचा जबडा साधारण एवढा उंच असतो." त्यांनी दोन बोटं दाखवली. "तुमचा पेन्सिलीएवढा राहिलाय. कवळीला बसायला जागाच नाही. आणि ही शीर, जी हाडाच्या पोटात असते, ती हाड झिजल्यामुळे अगदी वर आलीय. कवळी तिच्यावरच बसते. म्हणून कळ जाते."

"मंग नवीन कवळी..." मी म्हटलं.

"दहा केल्या तरी बसणार नाहीत. स्क्रू बसवून त्यावर कवळी अडकवता येते, पण स्क्रू धरायलाही हाड लागतं. आधी हाड वाढवावं लागेल."

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. कंबरेच्या हाडाच्या वरच्या काठातून तुकडे काढायचे, ते जबड्यावर बारीक स्क्रूनं बसवायचे, वरून हिरडी शिवून घ्यायची. पाच-सहा महिने ते हाड जबड्यात मुरू द्यायचं. तोवर कवळी नाही. खालची नाही आणि वरचीही नाही, कारण वरच्या कवळीचा घाव खालच्या हाडावर पडेल. मग समोर दोन स्क्रू. ते पक्के झाले की कवळी. वर्ष-सव्वा वर्ष धरून चाला, म्हणाले. हेही म्हणाले की दरवेळी हाड धरतंच असं नाही, आणि शीर दुखावली तर ओठ बधिर राहू शकतो.

मी विचारलं, "डाक्टरसाहेब, कंबरेतलं हाड माहं नाई चालत का?"

ते हसले नाहीत, हे मला आवडलं. "नाही काका. दुसऱ्याचं जिवंत हाड शरीर धरत नाही. त्यांचंच लागेल."

"रक्त जुळलं तरी?"

"तरी नाही."

ती माझ्याकडे बघत होती. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "करा. मले खायासाठी नाई पाह्यजे. मले बोलाले पाह्यजे."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्सनं सांगितलं, कवळी काढून द्या. हिनं भिंतीकडे तोंड केलं, पदर ओढला, दोन्ही कवळ्या काढून नर्सच्या हातात दिल्या आणि स्ट्रेचरवर आडवी झाली ती चादर डोळ्यांपर्यंत घेऊनच. नर्सनं कवळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे दिल्या. "काका, सांभाळा." अजून ओल्या होत्या. मी बाकावर बसलो. माझी मुलगी पिंपळगाव राजाहून आली होती, ती शेजारी बसून काहीतरी पुटपुटत होती. चार तास मी ती पिशवी मांडीवर धरून होतो. दुकानात माझ्यासमोर काहीही आलं तरी मी ते उघडून बघतो. इथं दार बंद होतं आणि आत काय उघडलं होतं ते मला माहीत नव्हतं.

बाहेर आणली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. हनुवटी आणि गाल सुजून एक झाले होते, खालचा ओठ बाहेर आलेला, वरचा आत गेलेला. तोंड उघडं होतं आणि आत अंधार होता. तिच्या माहेरची एक फार म्हातारी बाई मला आठवली. तोंडावर चादर ओढायला तिचे हात उठलेच नाहीत. मी ती ओढावी का, हे मला कळेना. एकवीस वर्षं तिनं जे जपलं ते असं दिव्याच्या झोतात सगळ्या वॉर्डापुढे पडलं होतं. मी चादरीचं टोक हातात घेतलं आणि तसाच उभा राहिलो. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, तिले श्वास घेऊ द्या."

जबड्यापेक्षा कंबर जास्त दुखते, हे आम्हाला नवीन होतं. जिथून हाड काढलं तिथं पाय टेकवला की ती डोळे मिटून घ्यायची. घरी आल्यावर तीन आठवडे काठी धरून चालत होती. बोलायची मनाई होती. एका पाटीवर लिहायची. पहिल्या दिवशी लिहिलं, "दुकान उघडा." मी नाही उघडलं. दुसऱ्या दिवशी तेच, खाली दोन रेघा ओढून.

मी स्वयंपाकाला लागलो. मुगाचं पाणी, ज्वारीची अंबील, भाताची पेज, दूध. सगळं मिक्सरमधून काढायचं, गाळायचं, कोमट करायचं. चमचा आत घालायचा नाही, टाक्यांना लागेल. छोट्या वाटीतून थोडं थोडं सोडायचं. तिचा ओठ बधिर होता, त्यामुळे घोट आत गेला की बाहेर आला ते तिला कळायचं नाही. मी रुमाल धरून बसायचो. पहिले काही दिवस ती प्रत्येक वेळी मान फिरवायची. नंतर फिरवेनाशी झाली. तिला माझ्यापुढे लाज वाटेनाशी झाली की फिरवायची ताकद राहिली नाही, ते मी ठरवू शकलो नाही.

ती वाळत गेली. ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागले. महिन्याभरानं ती अंगणवाडीत जायला लागली, मास्क लावून. पोरांनी मास्क पाहिलेले होते, त्यांना काही वाटलं नाही. ती कोपऱ्यात बसून रजिस्टर भरायची, वजनं करायची. गाणी मदतनीसच म्हणून घ्यायच्या.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात एका दुपारी तिनं मला हाक मारली. हातात माझी दुकानातली बॅटरी होती. "हे पाहा बरं," ती म्हणाली आणि माझ्यासमोर खाटेवर बसून तोंड उघडलं.

आपण होऊन तिनं मला तोंडात बघायला सांगितलं ते पहिल्यांदाच. मी बॅटरी धरली. हिरडी गुलाबी होती, टाके विरघळलेले. डाव्या बाजूला शिवणीच्या रेघेवर हिरडी फाकली होती आणि त्या फटीत काहीतरी पांढरं दिसत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं.

"काय दिसते?"

मी बॅटरी बंद केली, पुन्हा लावली. "थोडसं सुजलं हाये," मी म्हटलं.

"पांढरं दिसते ना? माह्या जिभीले लागते थे. खरबुडं."

"हाव. पांढरं हाये."

मीच खोटं बोललो होतो आणि तिला ते आधीपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी अकोला. डॉक्टरांनी पाहिलं, हाड उघडं पडलंय म्हणाले. तुमचं काही चुकलं नाही, हिरडी फार पातळ होती, होतं असं कधी कधी. धीर धरू, स्वच्छ ठेवू, कदाचित हिरडी वरून भरून येईल. सुई नसलेली सिरिंज दिली, औषधी पाणी दिलं. दिवसातून तीनदा धुवायचं.

ते मी करायचो. सकाळी दुकानात जायच्या आधी, दुपारी येऊन, संध्याकाळी. ती ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसायची, मी डावा गाल बोटानं बाजूला करायचो आणि त्या पांढऱ्यावर पाण्याची धार सोडायचो. तांब्याच्या केसासारख्या तारेला मी गाठ मारू शकतो, पण तिथं नेमकी धार सोडायला मला दोन-तीनदा नेम धरावा लागायचा. रोज बघताना वाटायचं, आज कमी दिसतंय. मग दोन दिवसांनी वाटायचं, नाही, वाढलं. मी मुलीला फोन करून सांगायचो, कमी झालं. ती आईला विचारायची, आई म्हणायची, "तुह्या बाबाले पुस."

दोन महिने धुतलं. तांदळाच्या दाण्याचं चवळीएवढं झालं, चवळीचं बोराच्या बीएवढं, आणि मग त्याचा रंग पिवळट झाला. एके सकाळी धार सोडताना ते हललं. मी थांबलो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा धार सोडली, ते पुन्हा हललं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी डावीकडचा तुकडा काढून टाकला. भूल देऊन, दहा मिनिटांत. गॉजवर ठेवून आम्हाला दाखवला. अर्ध्या बोटाच्या पेराएवढा, भोकं पडलेला, आणि त्यात तो इवलासा स्क्रू अजून तसाच घट्ट होता.

"हाच का थो?" कापसाचा बोळा धरलेल्या तोंडानं तिनं विचारलं.

"हो मावशी."

"यासाठी मी महिनाभर लंगडली," ती म्हणाली आणि रडायला लागली. ऑपरेशनला रडली नव्हती, कंबर दुखताना रडली नव्हती. डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. म्हणाले, समोरचं आणि उजवीकडचं हाड धरलंय, एक्सरेत दिसतंय, दोन स्क्रू तिथं बसतील. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, "आता माह्या कंबरेतलं पुन्हा नका काहाडू."

"नाही काढणार."

मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो. तिथं दोन पेशंट आणि एक नर्स उभी होती. मी हात मागे घेतला. का घेतला, ते आजही मला सांगता येत नाही.

गाडी शेगावच्या पुढे आली तेव्हा मी बोललो. "खामगावच्या डाक्टरापाशी, तवा... कवळी म्या घासली होती. म्या सांगाले पाह्यजे होतं."

ती खिडकीबाहेर बघत होती. तोंडातला बोळा तिनं दाबून धरला होता. तिनं हात आडवा हलवला. जाऊ द्या, असाही त्याचा अर्थ होता आणि आता नको, असाही.

उरलेलं हाड राहिलं. पाच महिन्यांचे साडेसहा झाले, पण समोर दोन स्क्रू बसले, आणखी तीन-साडेतीन महिन्यांनी ते पक्के झाले. कवळीच्या आतल्या बाजूला दोन बटणं असतात, ती स्क्रूच्या डोक्यावर बसतात. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तिच्याच हातानं बसवायला लावली. तिनं अंगठ्यानं दाबलं आणि टक् असा आवाज झाला. पुन्हा काढली, पुन्हा दाबली. डॉक्टर म्हणाले, काहीतरी बोला. मग तिनं एक ते वीस आकडे म्हटले, अंगणवाडीत म्हणतात तसे, सुरात. कवळी हलली नाही. डॉक्टरांनी टाळी वाजवली. मीही वाजवली.

हे ऐकणाऱ्याला वाटतं, झालं मग. झालंही. ती आता पोरांना गोष्टी सांगते, गाणी पुन्हा ती घेते. आमच्यासोबत जेवायला बसते. भाकर दुधात किंवा वरणात कुस्करून खाते, उजवीकडून. डावीकडे खाली आधार नाही, तिकडून चावलं की कवळी उचलते. पेरू, शेंगदाणे, भाजलेलं कणीस होत नाही. तिनं बोलायला म्हणून करून घेतलं होतं, आणि बोलणं आलं. पण ओठ परत आला नाही. हनुवटीच्या डाव्या अंगाला आणि खालच्या ओठाच्या अर्ध्या भागाला तिला काहीच कळत नाही. प, फ, ब जरा ओले येतात. चहा पिताना थेंब ओघळतो आणि ती बोलत राहते. लोकांसमोर तो पुसायला सांगावा की नाही, हे मी दरवेळी नव्यानं ठरवतो आणि दरवेळी चुकतो. सांगितलं तर तिचं बोलणं तुटतं. नाही सांगितलं तर घरी आल्यावर आरशात डाग बघून म्हणते, "तुमी बसले होते ना समोर?"

मागच्या महिन्यात जळगाव जामोदहून एक जोडपं आमच्या घरी आलं. नवरा कापडाचा व्यापारी, बायको पन्नाशीच्या आसपासची, नकाब घेतलेली. अकोल्याच्या डॉक्टरांनी आम्हाला फोन करून विचारलं होतं, यांना तुमच्याशी बोलायचंय, पाठवू का? त्या बाईंनाही तेच ऑपरेशन सांगितलं होतं. कंबरेचं हाड, सहा महिने, दोन स्क्रू. बायको आत हिच्यापाशी बसली. आम्ही दोघं ओसरीत. दार उघडंच होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"दुखते का?" त्या बाईंनी विचारलं. दातांशिवायचा आवाज मला लगेच ओळखू आला.

"हाव, दुखते," माझी बायको म्हणाली. "तोंडाचं कमी. कंबरेचं लई. महिना जाते."

"आन् मंग खाता येते?"

"थोडं येते. पहिल्यावानी नाई. माहं एका बाजूचं हाड गेलं. तुमचं नाई जाईन, सगळ्याईचं नाई जात. ह्या ओठाले काई समजत नाई मले. लावून पाहा हात. पाहा, दाबा. नाई समजत."

मग त्या बाई हळूच म्हणाल्या, "बहन, तुमी पुन्हा केलं असतं का?"

ओसरीत तो व्यापारी आणि मी, दोघंही दाराकडे न बघता ऐकत होतो.

"मले नाई समजत," ती म्हणाली. "तवा नाई केलं असतं तं मी बोलणंच सोडलं असतं. केलं तं हे झालं. तुमाले बोलाचं हाये का खायाचं हाये, थे आधी ठरवा. दोन्ही एकसाथ नाई भेटत, मले तरी नाई भेटलं."

व्यापारी माझ्याकडे वळला. हातातला चहा प्यायचं त्याला भान नव्हतं. "भाऊ, तुमी सांगा. तुमी तं सगळं समोर पाह्यलं. इले करू देऊ का?"

मी सांगायचं म्हणून तोंड उघडलं. करा, म्हटलं असतं तर त्या बाईच्या कंबरेला टाके पडणार होते. नका करू, म्हटलं असतं तर ती भिंतीकडे तोंड करून भात गिळत राहणार होती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, जसा मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत असे.

"तिलेच पुसा," मी म्हटलं. "आन् कराचं ठरलं, तं पहिला महिना दुकान बंद ठेवजा. घरीच राहजा."

त्यानं मान हलवली. चारच्या गाडीनं ते परत गेले. मी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. गाडीत चढताना त्या बाईंनी मागं वळून मला सलाम केला, मी हात जोडले. त्यांनी पुढे काय ठरवलं ते अजून आम्हाला कळलेलं नाही. फोन नंबर लिहून घेतला आहे, पण विचारायला धीर होत नाही.